शंभर नंबरची नोंद एलटीस्पाइसमध्ये उतरवताना

माझ्या फायनल इयरच्या दोघी विद्यार्थिनींचं ईसीजी अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट एलटीस्पाइसमध्ये, म्हणजे संगणकावरच सर्किट चालवून बघायच्या सिम्युलेटरमध्ये, पहिल्याच झटक्यात पास झालं होतं. सुरुवातीला एडी६२० ही दोन इलेक्ट्रोडमधला फरक वाढवणारी चिप, त्यामागे ०.५ हर्ट्झच्या खालचं अडवणारा हाय-पास फिल्टर, विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पुसणारा ट्विन-टी नॉच फिल्टर, शेवटी आणखी वाढवणारा एक ऑप-अँप, एकूण गेन (वाढ) १००० पट. इनपुटला त्यांनी १ मिलिव्होल्टची साइन वेव्ह दिली होती, वारंवारता १.२ हर्ट्झ. कारण विचारलं तर उत्तर तयार होतं: "मॅडम, मिनिटाला ७२ ठोके म्हणजे सेकंदाला १.२." आउटपुटला स्वच्छ १ व्होल्टच्या आसपास. स्क्रीनशॉट रिपोर्टात चिकटवूनसुद्धा झाला होता.

ठोके सेकंदाला १.२ पडतात हे खरं, पण प्रत्येक ठोक्यात पी, टोकदार क्यूआरएस (त्यातलं शिखर आर, त्यानंतरचा खड्डा एस) आणि टी असे तीन वेगवेगळ्या चालीचे भाग असतात. क्यूआरएस जेमतेम ८० ते १०० मिलिसेकंदांत संपतो आणि त्याची मुख्य ताकद १० ते २५ हर्ट्झच्या पट्ट्यात असते. १.२ हर्ट्झच्या साइनला या पट्ट्यात सर्किट काय करतंय याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ठरवलं, की सोर्सला खरा ईसीजी द्यायचा.

खरा ईसीजी मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. फिजिओनेट या वैद्यकीय नोंदींच्या संकेतस्थळावर एमआयटी-बीआयएच अ‍ॅरिदमिया डेटाबेस मोफत आहे. बोस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये १९७५ ते १९७९ दरम्यान घेतलेल्या होल्टर (अंगावर बाळगायच्या रेकॉर्डरच्या) नोंदींमधून निवडलेले ४८ तुकडे, प्रत्येक अर्ध्या तासाचा, दोन चॅनेलचा. सेकंदाला ३६० नमुने, ११ बिट, १० मिलिव्होल्टचा पल्ला. सगळे जण घेतात तीच आम्हीही घेतली, शंभर नंबरची नोंद. तिच्यात ६,५०,००० नमुने आहेत, म्हणजे ३० मिनिटं आणि साडेपाच सेकंद.

डाउनलोड केल्यावर तीन फाइली हातात येतात. एकीत डेटा, एकीत हेडर, एकीत डॉक्टरांनी ठोक्याठोक्यावर केलेल्या खुणा. डेटाची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता कचरा दिसतो, कारण दोन-दोन नमुने बारा-बारा बिटांत बसवून तीन-तीन बाइटांत भरलेले असतात. हेडर मात्र साधा मजकूर आहे, आणि माझा आग्रह असतो की आधी तो वाचायचा. त्यात लिहिलंय: २०० एकक म्हणजे १ मिलिव्होल्ट, शून्याची पातळी १०२४. पहिला नमुना ९९५. म्हणजे उणे २९ भागिले २००, उणे ०.१४५ मिलिव्होल्ट. हा एक आकडा वहीत लिहून ठेवला की पुढे फाइल कुठल्याही प्रोग्राममधून फिरून आली तरी ती शाबूत आहे का, हे एका नजरेत कळतं.

आता एलटीस्पाइसला काय हवं असतं? व्होल्टेज सोर्सवर राइट क्लिक करून अ‍ॅडव्हान्स्डमध्ये गेलं की पीडब्ल्यूएल (सरळ रेघांनी जोडलेल्या बिंदूंची लहर) फाइलचा पर्याय असतो. फाइल अगदी साधी: प्रत्येक ओळीत दोन आकडे, वेळ आणि व्होल्टेज, मध्ये स्पेस, टॅब किंवा स्वल्पविराम. वर मथळ्याची ओळ चालत नाही. वेळ पुढेच जात राहिली पाहिजे. दोन बिंदूंच्या मध्ये सिम्युलेटर सरळ रेघ ओढतो, शेवटच्या बिंदूनंतर तेच व्होल्टेज धरून बसतो. वेळ आणि किंमत यांना गुणक लावायचीही सोय आहे, त्यामुळे मिलिव्होल्टमधली फाइल तशीच ठेवून सोर्सच्या ओळीत एक हजारांशाने गुणता येतं. मी मात्र फाइलच व्होल्टमध्ये लिहायला लावली. सर्किट दुसऱ्याच्या हाती गेलं की तो गुणक कुठेतरी गळतो, आणि मग १ व्होल्टचा ईसीजी एडी६२०मध्ये शिरून वरखाली रेलवर, म्हणजे पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या मर्यादेवर, आपटत बसतो.

खरी गंमत वेळेच्या रकान्यात आहे. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे) म्हणून उतरवलेल्या नोंदींमध्ये वेळ बहुधा मिलिसेकंदापर्यंतच छापलेली असते. ३६०ने भागल्यावर दोन नमुन्यांतलं अंतर २.७७७… मिलिसेकंद येतं, आणि ते गोल करून लिहिलं की रकाना होतो ०, ३, ६, ८, ११, १४, १७, १९. अंतरं ३, ३, २, ३, ३, ३, २. नमुने सरळ चालीत घेतलेले असूनही सिम्युलेटरला ते अडखळत आलेले दिसतात, आणि ही अडखळ लहरीत नसलेली वारंवारता पैदा करते. उलट कोणी २.८ मिलिसेकंद असं सरसकट अंतर धरलं तर चाल एकसारखी राहते, पण सगळा ईसीजी थोडा ताणला जातो. १० सेकंदांचे ३६०० नमुने १०.०८ सेकंद घेतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण ६० हर्ट्झची गोष्ट ५९.५ला सरकते, आणि नॉच फिल्टर तपासताना एवढा फरक पुरतो. तेव्हा छापलेली वेळ टाकून द्यायची आणि नमुन्याचा क्रमांक भागिले ३६० असा रकाना स्वतः बनवायचा, दशांशाचे आठ-नऊ अंक ठेवून. पायथनमध्ये डब्ल्यूएफडीबी नावाची लायब्ररी आहे, ती मूळ फाइल वाचून थेट मिलिव्होल्ट देते. बाकीचं काम चार ओळींचं.

दोघींना एक्सेल सोयीचं वाटत होतं. ६,५०,००० ओळी एक्सेलमध्ये मावतातही. पण एक्सेल सीएसव्हीमध्ये आकडा जसा पडद्यावर दिसतो तसाच लिहितो. सेलला दोन दशांश ठेवले असतील तर उणे ०.१४५चं उणे ०.१५ होतं आणि ते परत मिळत नाही. वहीतला आकडा इथेच कामी आला.

सगळी अर्धा तासाची फाइल द्यायची गरज नसते. पीडब्ल्यूएलचा प्रत्येक बिंदू म्हणजे लहरीतला एक कोपरा, आणि सिम्युलेटरला प्रत्येक कोपऱ्यावर थांबून हिशेब करावा लागतो. वर ऑप-अँपची मॉडेलं. पूर्ण नोंद चालवली तर संध्याकाळ होते आणि निकालाची फाइल डिस्क खाते. आम्ही सुरुवातीचे २० सेकंद घेतले. मधला तुकडा कापला तर वेळ शून्यापासून पुन्हा मोजायची, नाहीतर सोर्स तिथपर्यंत पहिल्याच व्होल्टेजवर बसून राहतो. तुकडा पुन्हापुन्हा वाजवायचा असेल तर तो दोन ठोक्यांमधल्या शांत पट्टीत, टी संपल्यानंतर आणि पुढचा पी यायच्या आधी कापावा. क्यूआरएसच्या उतारावर कापला की सांध्याला एक उडी तयार होते आणि पोरं तिला अ‍ॅरिदमिया समजतात.

ऑसिलोस्कोपवरून सेव्ह केलेली लहर आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. स्कोपची वेळ ट्रिगरपाशी शून्य असते, म्हणून अर्धी फाइल उणे वेळेत असते. एलटीस्पाइसचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं. पहिली वेळ सगळ्या रकान्यातून वजा केली की प्रश्न मिटतो. वरच्या मॉडेल नंबर आणि सेटिंगच्या ओळीही उडवायच्या.

सर्किटला जोडण्याआधी सोर्स एकटाच, एका रेझिस्टरवर चालवून बघायचा. शंभर नंबरच्या नोंदीत तपासणी सोपी आहे, कारण खुणांच्या फाइलमध्ये पहिला ठोका ७७व्या नमुन्यावर आणि दुसरा ३७०व्या नमुन्यावर नोंदलेला आहे. म्हणजे आरची शिखरं ०.२१४ आणि १.०२८ सेकंदांच्या आसपास दिसली पाहिजेत. अंतर ०.८१४ सेकंद, मिनिटाला सुमारे ७४ ठोके. कर्सर ठेवला, जुळलं. उंची साधारण एक मिलिव्होल्ट, तीही बरोबर.

मग सर्किटला जोडला आणि आउटपुटला आरची उंची बरीच घसरलेली दिसली, वर एसचा खड्डा खोल झालेला. साइनला मिळालेला १०००चा गेन कुठे गेला?

गेला होता नॉचमध्ये. ६८ किलोओम आणि ४७ नॅनोफॅरडचा ट्विन-टी ४९.८ हर्ट्झवर बसतो, तिथे काही चूक नाही. पण फीडबॅक नसलेल्या साध्या ट्विन-टीचा क्यू, म्हणजे अरुंदपणाचं माप, फक्त पाव असतो. त्याचे ३ डेसिबलचे (लहर सुमारे ७० टक्के उरते तिथले) काठ केंद्राच्या ०.२३६ पटीला आणि ४.२३६ पटीला येतात, म्हणजे जवळजवळ १२ हर्ट्झ आणि २१२ हर्ट्झ. ५० हर्ट्झची एक रेघ पुसायला निघालेला फिल्टर १२ ते २१२ हर्ट्झचा सगळा पट्टा दाबत होता, आणि क्यूआरएसचा मोठा भाग नेमका त्यातच राहतो. १.२ हर्ट्झला हाच फिल्टर अर्धा टक्कासुद्धा खात नाही. एसी अ‍ॅनालिसिस केलं असतं तर हे दिसलं असतं, हे खरं. पण एसीचा, म्हणजे वारंवारतेनुसार गेनचा, आलेख बघून "नॉच ५०वर आहे ना, झालं" म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. आर चेपलेला दिसला की तसं म्हणता येत नाही.

उपाय पुस्तकी आहे. आउटपुटचा ९५ टक्के भाग बफरमधून ट्विन-टीच्या मधल्या पायाला परत द्यायचा, क्यू ५ होतो आणि दाबलेला पट्टा दहाएक हर्ट्झचा उरतो. त्याची किंमत अशी, की कपॅसिटर एकमेकांशी नीट जुळवून घ्यावे लागतात आणि क्यूआरएसनंतर थोडं थरथरणं दिसतं. ते थरथरणं टीपर्यंत विरतं का, हे फाइलच्या मदतीनेच बघितलं. विरतं.

इथपर्यंत फाइल सर्किटच्या चुका काढत होती. त्यानंतर लक्षात आलं, की फाइलही पूर्ण साळसूद नाही.

आउटपुटचा एफएफटी, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती ताकद आहे याचा आलेख, काढला. एक सूचना: एलटीस्पाइस निकाल साठवताना डेटा आपल्या मनाने विरळ करतो, एफएफटीसाठी प्लॉटविनसाइझ ही सेटिंग शून्य करून ते बंद करावं लागतं, नाहीतर तळाशी खोटा गोंगाट दिसतो. या नोंदी अमेरिकेतल्या, तिथली वीज ६० हर्ट्झची. म्हणजे यात गुणगुण असली तर ती ६०ला असणार, आणि आमचा ५०चा नॉच तिला हात लावणार नाही. सेकंदाला ३६० नमुने हा आकडासुद्धा ६० हर्ट्झचे डिजिटल नॉच सोपे व्हावेत म्हणून निवडलेला आहे. याहून मजेशीर भाग: होल्टर रेकॉर्डर बॅटरीवर चालणारे होते, त्यामुळे बहुतेक गुणगुण टेप नंतर वाजवताना शिरली. आणि काही नोंदींच्या टेप दुप्पट वेगाने वाजवून डिजिटल केल्या, तिथे ६० हर्ट्झची गुणगुण ३० हर्ट्झवर जाऊन बसलेली आहे! डेटाबेसच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलंय. ते न वाचता कोणी ३० हर्ट्झची रेघ आपल्या सर्किटमध्ये शोधत बसला, तर जन्मभर सापडणार नाही.

दुसरं म्हणजे टेप वाजवतानाच हा सिग्नल ०.१ ते १०० हर्ट्झच्या फिल्टरमधून गेलेला आहे. म्हणजे इलेक्ट्रोडचं डीसी ऑफसेट (तिथे तयार होणारं स्थिर व्होल्टेज) त्यात नाही. आमच्या सर्किटचा हाय-पास ज्या कामासाठी ठेवलाय ते काम कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी करून टाकलंय. हे म्हणजे धुतलेले कपडे टाकून वॉशिंग मशीनची परीक्षा घेण्यासारखं. सर्किट तपासायचं तर मळ परत घालावा लागणार, आणि तो मोजून घालावा लागणार.

तेव्हा स्कीमॅटिकवर आणखी सोर्स आले. पीडब्ल्यूएलचा सोर्स दोन ई-सोर्सनी (दुसऱ्या व्होल्टेजची ठरावीक पट देणाऱ्या सोर्सनी) वाटून अर्धा एका इलेक्ट्रोडला सुलट, अर्धा दुसऱ्याला उलट, मध्यभागी शरीराचा नोड. एका इलेक्ट्रोडच्या वाटेत ३०० मिलिव्होल्ट डीसी, मानकांतल्या चाचणीइतकं. पहिल्या टप्प्याचा गेन म्हणूनच ७ ठेवायचा असतो, ८.२५ किलोओमचा रेझिस्टर लावून. ३०० मिलिव्होल्टचे २.१ व्होल्ट होतात आणि उणे-अधिक ५ व्होल्टांत मावतात. दोघींनी आधी ५० ठेवला होता. तेव्हा १५ व्होल्ट झाले असते, जे पुरवठ्यात नव्हतेच.

मग वीज. २३० व्होल्ट लिहिताना सांभाळायचं, एलटीस्पाइसच्या साइनला शिखर लागतं, म्हणजे ३२५. हा सोर्स ३ पिकोफॅरडमधून शरीराला जोडला, आणि शरीरापासून जमिनीला ३०० पिकोफॅरड. एवढ्यानेच शरीरावर सव्वादोन व्होल्टच्या वर ५० हर्ट्झ बसतं. ते दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखंच असल्याने एडी६२०ने गिळायला हवं. पण एका इलेक्ट्रोडच्या मार्गात ५१ किलोओम आणि समांतर ४७ नॅनोफॅरड घातले, दुसरा सरळ ठेवला, आणि दोन्ही वायरींना १०० पिकोफॅरड दिले, तेव्हा कागदावरच हिशेब जवळजवळ ३ मिलिव्होल्टचा येतो. ईसीजीच्या तिप्पट, आणि आता तो फरकाच्या रूपात आलाय, एडी६२० त्याला इमानाने वाढवणार. सिम्युलेशननेही तेच दाखवलं. उजव्या पायाचा ड्राइव्ह, म्हणजे दोन्ही इलेक्ट्रोडवरची समान गुणगुण उलटी करून शरीराला परत देणारं सर्किट, जोडला तेव्हा कुठे ती जाड पट्टी बारीक झाली आणि तिच्यातून पी दिसायला लागला. नॉचवर सगळा भरवसा टाकणाऱ्यांना मी हे दोन आलेख शेजारीशेजारी दाखवते.

सिम्युलेटर एका बाबतीत फारच दयाळू आहे. तो सुरुवातीला डीसीची स्थिती काढतो आणि सगळे कपॅसिटर आधीच भरून ठेवतो. ३०० मिलिव्होल्टचं ऑफसेट शून्याव्या क्षणालाच पचलेलं असतं. माणसाला इलेक्ट्रोड लावल्यावर असं होत नाही, आणि पेशंट कूस बदलतो तेव्हा तर नाहीच. म्हणून आणखी एक पीडब्ल्यूएल सोर्स हाताने लिहिला, चार बिंदूंचा: आठव्या सेकंदाला एका इलेक्ट्रोडवर २० मिलिव्होल्टची उडी. पहिल्या टप्प्यानंतर ०.१४ व्होल्ट, पुढच्या १४३च्या गेनने २० व्होल्ट मागितले जातात, मिळतात चारच्या आसपास. हाय-पास ०.५ हर्ट्झचा असेल तर वेळ स्थिरांक ०.३२ सेकंद, आउटपुट अर्ध्या सेकंदात रेल सोडतं. ०.०५ हर्ट्झचा केला तर पाच सेकंद, म्हणजे या माणसाचे सहा ठोके गायब. दुसरीकडे ०.५ हर्ट्झने क्यूआरएसनंतरची रेघ किंचित खाली जाते, आणि एसटीचा, म्हणजे एस आणि टीच्या मधला, भाग बघायचा असेल तर ते परवडत नाही. मॉनिटरला ०.५ आणि निदानाला ०.०५ असे दोन आकडे का चालतात, हे वर्गात मी अनेकदा फळ्यावर सांगितलंय. त्या दिवशी दोघींनी ते मला सांगितलं.

सरळ रेघांनी जोडलेल्या बिंदूंचा एक उपद्रव राहिला. या डेटातली एक पायरी ५ मायक्रोव्होल्टची, १०००च्या गेनने ५ मिलिव्होल्ट. ईसीजीच्या आउटपुटवर ती दिसून दिसत नाही. पण दोघींना पुढे ठोका ओळखायला डिफरन्शिएटर लावायचा होता, आणि तिथे उतार महत्त्वाचा. पीडब्ल्यूएलचा उतार प्रत्येक नमुन्यावर एकदम बदलतो, म्हणून डिफरन्शिएटरचं आउटपुट जिन्यासारखं येतं. तो दोष सर्किटचा नाही. पायथनमध्ये नमुने दहापट वाढवून, म्हणजे सेकंदाला ३६००, बँडलिमिटेड पद्धतीने, म्हणजे नवीन वारंवारता न घालता, मधले बिंदू भरून फाइल पुन्हा काढली. कोपरे गेले, सिम्युलेशनला थोडा जास्त वेळ लागला. नुसतं सरळ रेघेवरचे मधले बिंदू भरून काही होत नाही, ते काम सिम्युलेटर आधीच करत होता.

दोघींपैकी एकीने पेसमेकरचा विषय काढला. डेटाबेसमध्ये १०२, १०४, १०७ आणि २१७ या नोंदी पेसमेकरवाल्यांच्या आहेत. ठोक्याचा आकार बघायला त्या चालतील, पण पेसिंगची टाचणी ओळखणारं सर्किट त्यांच्यावर तपासू नये. ती टाचणी अर्ध्या मिलिसेकंदाच्या घरातली, आणि इथे दोन नमुन्यांतच पावणेतीन मिलिसेकंदांचं अंतर, वर १०० हर्ट्झचा फिल्टर. फाइलमध्ये जे उरलंय ते टाचणीचं भूत आहे. हवी असेल तर पीडब्ल्यूएलमध्ये स्वतः काढायची, २ मिलिव्होल्ट उंच, अर्धा मिलिसेकंद रुंद, आणि ईसीजीत मिळवायची.

ज्यांच्याकडे दुसरं सॉफ्टवेअर आहे त्यांनी फाइल हीच ठेवावी, दार फक्त बदलतं. प्रोटिअसमध्ये फाइल नावाचा जनरेटर आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम वापरत असाल तर आत एनजीस्पाइस हा सिम्युलेटर आहे, त्यात फाइलसोर्स नावाचं वेगळं मॉडेल वापरावं लागतं.

शेवटी हीच फाइल लॅबच्या आर्बिट्ररी जनरेटरमध्ये (हवी ती लहर काढणाऱ्या यंत्रात) भरली. जनरेटर १ मिलिव्होल्ट इतकं लहान नीट देत नाही, म्हणून १ व्होल्ट काढून १०० किलोओम आणि १०० ओमचा विभाजक लावला, ब्रेडबोर्ड त्याच्या पुढे. आरची उंची सिम्युलेशनच्या जवळ आली, एसचा खड्डाही. गुणगुण मात्र आम्ही घातली होती त्याहून जास्त निघाली. वायरी गुंडाळून शील्ड जमिनीला दिल्यावर निम्मी झाली, आणि उरलेल्या निम्मीसाठी दोघींनी आता स्कीमॅटिकमधले ३ पिकोफॅरड वाढवून बघायला घेतलेत.